स्टूल टेस्टबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की आमच्या लातूरच्या लॅबमध्ये वडिलांच्या स्टूल टेस्टमध्ये चरबी 'नाही' आली आणि पुण्याच्या लॅबमध्ये इलास्टेज १६०, म्हणजे कमी निघालं. आम्ही एक नमुना घेतला नाही, औशाहून पुन्हा हेलपाटा घालायला लावला, वर तीन दिवसांची तपासणी सुचवून पैसे उकळायला बघितले, असंही तुमचं म्हणणं आहे. घरातल्या माणसाचं वजन असं उतरताना बघणं किती अवघड, ते आम्हाला रोज काउंटरवर दिसतं. तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच इथे बोलतो. वडिलांच्या रिपोर्टमधलं बाकी काही चारचौघांत मांडणार नाही.

दोन्ही रिपोर्ट एकमेकांना खोटं पाडत नाहीत. आम्ही केली ती सुदान रंगाची तपासणी. काचपट्टीवर चिमूटभर शी, त्यात रंग, आणि मायक्रोस्कोपखाली नारिंगी-लाल थेंब शोधायचे. चरबी बरीच वाया जात असेल तरच ते भरवशाने दिसतात. तेलकट खाल्लं की पोट बिघडतं म्हणून माणूस भाकरी आणि बिनफोडणीच्या वरणावर आला असेल, तर थेंब येणार कुठून? थेंब दिसले नाहीत म्हणजे चरबी पचतेय, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

इलास्टेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम. एका ग्रॅम शौचात २०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर साधारण ठीक, १०० च्या खाली असेल तर स्वादुपिंड कमी पडत असल्याची शंका बळावते. मधला आकडा एकट्याने काहीच ठरवत नाही. आणि शी पाण्यासारखी असली की एन्झाइम पातळ होऊन आकडा खोटाच खाली येतो. तुमची डबी परत केली ती याच कारणाने. घेतली असती तर पैसेही मिळाले असते, पण त्या आकड्यावर वडिलांना विनाकारण स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू झाल्या असत्या. पुण्याला दिलेला नमुना घट्ट होता की पातळ, तेवढं डॉक्टरांना जरूर सांगा.

तीन दिवसांची तपासणी किचकट आहे, मान्य. पण चरबी नेमकी किती वाया जाते ते तीच मोजते. डच संशोधक व्हॅन डी कामर यांनी १९४९ मध्ये मांडलेली ही पद्धत. रोज साधारण १०० ग्रॅम चरबी पोटात जायला हवी. मग शौचातून दिवसाला ७ ग्रॅमपेक्षा जास्त पडली तर ती पचत नाही असं धरतात. तूप, शेंगदाणे, करडईचं तेल, सगळं मोजून. तिन्ही दिवसांची सगळी शी डब्यात यावी लागते. सकाळी शेताकडे गेले आणि एक खेप तिकडेच झाली, तर हिशोब चुकला.

कॅप्सूल सुरू असतील तर मनाने बंद करू नका. इलास्टेजवर त्यांचा परिणाम होत नाही, चरबीच्या मोजणीवर होतो, म्हणून आम्हाला आधी सांगा. वजन उतरण्यामागे दुसरी कारणंही असू शकतात. गव्हामुळे होणारा सिलिॲक आजार तपासायला रक्ताची टीटीजी तपासणी लागते, आणि ती होईपर्यंत पोळी सोडायची नाही. जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीसाठी वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने बघावे लागतात, कारण तो रोज सापडतोच असं नाही.

यातलं कुठलं आधी करायचं ते डॉक्टरांनी ठरवावं. त्यांनी तीन दिवसांची तपासणी लिहून दिली तर या. डबे आणि जेवणाचा तक्ता नेऊन मगच नमुना सुरू करा, म्हणजे हेलपाटा वाचेल.

लॅब संचालक, लातूर