‘दुप्पट वसूल केले’ या हिशेबाविषयी

जून 2025 मध्ये विजय मल्ल्या यांची चार तासांहून लांबलेली मुलाखत प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचा आशय असा : शून्यातून साम्राज्य उभारणाऱ्या या उद्योगपतीचे कर्ज 6,203 कोटींचे होते, बँकांच्या हाती 14,131 कोटी आले, कोणत्याही न्यायालयाने कर्जाच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवलेले नाही, तरीही त्याला चोर आणि फरार म्हणतात.

‘शून्यातून’ हा शब्द आधी बाजूला ठेवू. 1983 मध्ये विठ्ठल मल्ल्या वारले, तेव्हा बिअर आणि मद्याचा जमलेला पसारा तिशीही न गाठलेल्या मुलाकडे आला. किंगफिशर बिअर घराघरांत पोहोचवण्याचे श्रेय विजय यांना निःसंशय द्यावे; पण 2005 मध्ये त्यांनी स्वतः सुरू केलेली किंगफिशर एअरलाइन्स ही विमान कंपनी 2012 मध्ये जमिनीवर आली आणि तोवर तिने एकाही वर्षी नफा दाखवला नव्हता.

आता या विमान कंपनीच्या थकलेल्या कर्जाचे आकडे. 6,203 कोटी ही कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या जानेवारी 2017 च्या आदेशातली रक्कम आहे आणि त्याच आदेशात तिच्यावर 11.5 टक्के व्याजही आहे. सरळव्याजानेच ते वर्षाला सुमारे 713 कोटी होते. मजकुरात त्याचा उल्लेखच नाही. व्याज जाचक वाटत असेल, तर हिशेब मागण्याचा मल्ल्यांना अधिकार आहे, आणि त्यासाठी ते कर्नाटक उच्च न्यायालयात गेलेही आहेत.

याहून महत्त्वाचे म्हणजे हे पैसे त्यांनी दिलेले नाहीत, ते त्यांच्याकडून घेतले गेले. ईडीने मालमत्ता जप्त केली, ती बँकांकडे सोपवली गेली आणि किंगफिशर बिअर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजचे जप्त समभाग 2021 मध्ये हायनेकेन या डच बिअर कंपनीने विकत घेतले. ‘मी फेडायला तयार होतो’ म्हणावे, तर 2016 मध्ये बँकांची मागणी नऊ हजार कोटींवर असताना पहिला देकार चार हजार कोटींचा होता. पूर्ण मुद्दल देण्याची तयारी डिसेंबर 2018 मध्ये जाहीर झाली, तीही लंडनमधल्या प्रत्यार्पणाच्या निकालाला काही दिवस उरले असताना. दरम्यान दियाजिओ या ब्रिटिश मद्यकंपनीकडून मिळालेले चार कोटी डॉलर त्यांनी मुलांच्या नावे वळवले होते. त्याबद्दलच्या न्यायालयाच्या अवमानासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये त्यांना चार महिन्यांची कैद आणि दोन हजार रुपये दंड सुनावला.

मजकुरातली एक गोष्ट बरोबर आहे : कर्जाच्या फसवणुकीबद्दल त्यांना अद्याप कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलेले नाही, त्यामुळे ‘चोर’ हा शब्द मीही वापरणार नाही. मात्र आयडीबीआय बँकेकडून 2009 मध्ये कर्ज घेताना कंपनीची स्थिती खोटी रंगवल्याचा आरोप वसुलीने पुसला जात नाही, आणि त्यात प्रथमदर्शनी तथ्य असल्याचे लंडनच्या न्यायालयांनीच म्हटले आहे. ‘फरार’ हा शब्दही वृत्तवाहिन्यांनी शोधलेला नाही. 2 मार्च 2016 रोजी देश सोडून न परतलेल्या मल्ल्यांना मुंबईच्या विशेष न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये फरार आर्थिक गुन्हेगार घोषित केले.

तारणाची किंमत किती फुगीर होती, हे पाहायला विमान कंपनीचे विलेपार्ल्यातले मुख्यालय किंगफिशर हाऊस पुरेसे आहे. 2016 च्या पहिल्या लिलावात दीडशे कोटींना कोणी बोलीच लावली नाही, पुढे एकामागून एक लिलाव फसले आणि शेवटी 2021 मध्ये ती वास्तू 52.25 कोटींना गेली.