सूर्यास्तानंतरचा झेंडा आणि तीन वर्षांची जेल

ऑगस्ट लागला की आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज उगवतो. झेंडा सूर्यास्तानंतर ठेवला तर तीन वर्षं जेल, खादी सोडून दुसरं कापड बेकायदा, केशरी हिंदूंचा नि हिरवा मुसलमानांचा, खासगी गाडीला झेंडा लावायचा नाही आणि फाटलेला झेंडा जाळणं गुन्हा, तो खाडीत सोडावा. खाली ‘सच्चे भारतीय असाल तर पुढे पाठवा’. त्यापायी परवा आमचे सेक्रेटरी काका संध्याकाळी भर पावसात, एका हातात छत्री धरून, शेवाळलेल्या गच्चीवर झेंडा उतरवायला गेले. वय वर्षं बहात्तर.

काका, सूर्योदय ते सूर्यास्त हा नियम होता, खोटं नाही. पण जुलै २०२२ मध्ये ध्वजसंहिता बदलली. आता उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर लावलेला झेंडा रात्रंदिवस राहू शकतो. बेलापूरला महापालिका मुख्यालयासमोर आहे तसल्या उंचच उंच खांबांना तर, पुरेसा उजेड असेल तर, ही मुभा २००९ च्या अखेरीसच मिळाली होती. ती तीन वर्षं आली १९७१ च्या कायद्यातून. चारचौघांत झेंडा जाळला, फाडला, तुडवला, त्याचा अपमान केला तर ती शिक्षा आहे. उतरवायला विसरलेल्यांसाठी नाही.

कापडाचं म्हणाल तर ३० डिसेंबर २०२१ पासून पॉलिएस्टरही चालतं, यंत्रावर विणलेलंही चालतं. मला हा बदल मनापासून पटलेला नाही. आपल्या नांदेडला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात, त्या कारागिरांच्या पोटाचं काय, असं वाटतंच. पण मला न पटणं म्हणजे बेकायदा नव्हे. प्लास्टिकचा झेंडा मात्र तेव्हाही चालत नव्हता, आजही नाही.

रंगांच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, म्हणून तो जास्त चिकट. १९२१ मध्ये गांधीजींनी मांडलेल्या झेंड्यात लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर धर्मीयांचा, अशीच वाटणी होती. त्यावर कुरबुरी झाल्या. १९३१ मध्ये काँग्रेसने लालच्या जागी केशरी आणला, पट्ट्यांचा क्रम बदलला आणि रंगांना धर्माशी जोडलेला अर्थ नाही हे स्पष्ट केलं. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत ठराव मांडताना नेहरूंनीही तेच सांगितलं. राधाकृष्णन यांनी त्याच दिवशी केशरीचा अर्थ त्याग, पांढऱ्याचा सत्याकडे नेणारा प्रकाश आणि हिरव्याचा मातीशी, झाडाझुडपांशी आपलं नातं असा लावला. म्हणजे मेसेजवाले दहा वर्षांत मागे पडलेला अर्थ शंभर वर्षांनी वाटत बसलेत. जाता जाता: ठरावात चक्र अशोकाच्या सारनाथच्या स्तंभशीर्षावरचं घ्या, असं आहे आणि ते चरखा दर्शवतं, असंही आहे. दर ऑगस्टला येणारी ती चोवीस आऱ्यांच्या चोवीस गुणांची यादी त्यात कुठेही नाही.

गाडीचा मुद्दा बरोबर. मोटारीवर झेंडा लावायचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा मोजक्या पदांचा. पाम बीच रोडवर बाइकला झेंडा बांधून सुसाट जाणाऱ्या पोरांना एवढी एकच ओळ पाठवा.

आणि जाळणं. संहितेत लिहिलंय ते नेमकं उलट: खराब झालेला झेंडा एकांतात, सन्मानाने, अख्खाच्या अख्खा नष्ट करावा, शक्यतो जाळून. पाण्यात लोळू देऊ नये, हेही तिथेच आहे. वाशीच्या खाडीत निर्माल्याच्या पिशवीबरोबर गेलेल्या झेंड्याचा कसला सन्मान?

फाटका झेंडा लावूच नये, हा नियम मात्र मेसेजात नाही. आमच्या चौथ्या मजल्यावर एका ग्रिलला गेल्या ऑगस्टपासून सुतळीने बांधलेला झेंडा आहे. उभा टांगलाय; केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला हवा, तो उजव्या हाताला गेलाय. खालच्या कडेचे धागे सुटून तिसऱ्या मजल्याच्या कपड्यांच्या दोरीपर्यंत लोंबतायत. मेसेज त्याच घरातून आला.