संग्रहपालाचे काम दुय्यम कसे?
एस्टोनियाच्या शिल्प-इतिहासकार आणि संग्रहपाल युता किविमाए यांच्यावरील लेखात त्यांच्या संग्रहालयातील कामाला ‘लेखनाची पूर्वतयारी’ म्हटले आहे, ते पटले नाही. शिल्पाच्या इतिहासकाराला नुसत्या छायाचित्रावर विसंबून चालत नाही. एकच कल्पना माती, प्लास्टर, संगमरवर, ब्राँझ असा प्रवास करते आणि त्यातले अस्सल कोणते, हे वस्तू हाताळणाऱ्यालाच ठरवावे लागते. एस्टोनियन शिल्पकार आउगुस्त वायझेनबर्ग यांच्या ‘लिंडा’ या दंतकथेतील शोकमग्न विधवेच्या शिल्पाचेच पाहा: मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकातली, ब्राँझ पुतळा एस्टोनियाची राजधानी ताल्लिनमध्ये १९२० साली उभारलेला, आणि पुढे सोव्हिएत काळात हद्दपार झालेल्यांच्या आठवणीने लोक त्याच्याच पायाशी फुले ठेवू लागले. ताल्लिनच्याच कुमू कलासंग्रहालयात भिंतीभर मांडलेले अर्धपुतळे मी पाहिले आहेत. नोंदी चोख नसत्या, तर ती केवळ अनोळखी डोकी उरली असती.