बोनट उघडायची लाज वाटते, तर मेळाव्याला येता कशाला?

रविवारी रात्री साडेनऊला घरी आलो, जीप अंगणात लावली आणि न जेवता झोपलो. आज बुधवार आहे, तरी डोकं थंड होत नाही. म्हणून लिहून टाकतो.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या एका खेड्याच्या शिवारात शनिवार-रविवार मॉडिफाइड गाड्यांचा मेळावा होता. साठेक गाड्या, गाडीमागे दीड हजार वर्गणी. मी यवतमाळ जिल्ह्यातून माझी महिंद्राची एमएम ५४० जीप घेऊन गेलो. सोबत चाचा होते. चाचा म्हणजे ही जीप ज्यांनी उभी केली ते मिस्त्री. सत्तरी गाठलेला माणूस. आमच्याकडे काळी-पिवळी टॅक्सी जोरात होती तेव्हापासून कमांडर आणि ट्रॅक्स गाड्यांची इंजिनं उतरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

मला ही जीप मिळाली तेव्हा ती एका गोठ्यात पडून होती, मागच्या भागात कुटार भरलेलं. पेजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन जाम. ते सुटलं, पण चाळीसच्या वर गेलं की स्टिअरिंग असं थडथडायचं की हात बधिर व्हायचे. तीन गॅरेजवाल्यांनी बॅलन्सिंग केलं, टाय रॉड बदलले, डॅम्पर लावला, पैसे घेतले. थडथड तशीच. चाचांनी पुढची चाकं उतरवली, नकल म्हणजे चाक वळवणारा सांधा उघडला, तो ज्यावर फिरतो त्या किंगपिनच्या पातळ शिमा, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, एकेक काढायला सुरुवात केली, आणि भाजीवाल्याकडचा लटकता स्प्रिंगकाटा टाय रॉडच्या भोकात अडकवून नकल ओढून पाहिला. सहा किलोच्या आसपास ओढ लागली पाहिजे. कमी लागली तर ढिला, फार जास्त लागली तर बेअरिंग जातं. शिम काढ, बोल्ट आवळ, ओढ, काटा पाहा. अख्खी दुपार हेच. शेवटी काटा जिथे यायला हवा तिथे आला तेव्हा चाचा काही बोलले नाहीत, फक्त बिडी पेटवली. त्या दिवसापासून जीप साठवर सरळ रेषेत चालते.

हे मला त्या मेळाव्यात कोणाला तरी सांगायचं होतं. दुसऱ्याने काय केलं ते ऐकायचं होतं. एवढ्यासाठीच तर माणूस दोन दिवस काढून, डिझेल जाळून जातो ना? दोन दिवसांत एकाही माणसाने मला बोनट उघडायला सांगितलं नाही. मी स्वतः उघडून ठेवलं, तर एक पोट्टा येऊन म्हणतो, "भाऊ, बंद करा ना, फोटोत चांगलं दिसत नाही."

मग त्यांना चांगलं काय दिसतं? आवाज. सायलेन्सर कापायचा, गाडी जागच्या जागी उभी ठेवायची आणि ॲक्सिलरेटर पार खाली दाबून धरायचा. फाट-फाट-फाट. अरे, उभ्या गाडीच्या इंजिनावर काही भार नसतो, रेडिएटरला वारा नसतो, आत तापमान चढतंय, आणि तुम्ही मोबाइल वर करून नाचता! सायलेन्सर कापून गाडी पळायला लागली असती तर चाचांनी केव्हाच सगळ्या कमांडरांचे कापले असते. शनिवारी रात्री एक वाजेपर्यंत हे चाललं. गाव तिथून अर्ध्या किलोमीटरवर. तिथे म्हातारी माणसं आहेत, बाळंतिणी आहेत, दावणीला ढोरं आहेत. संयोजकाला सांगायला गेलो तर म्हणाला, "भाऊ, एकच तर रात्र आहे."

जेवणाचं तर विचारूच नका. मंडपाच्या तोंडाशी दोघं पास तपासत होते. माझ्या गळ्यात पास होता, चाचांच्या नव्हता. "ड्रायव्हर लोकांचं तिकडं मागं आहे." मागं म्हणजे जनरेटरच्या बाजूला, धुरात, खाली सतरंजीवर. मी भांडायला लागलो तर चाचांनी माझं मनगट धरलं. "जाऊ दे ना बाप्पा, पोटातच तर घालाचं हाय." आणि गेले. मी पण तिकडेच जाऊन बसलो, पण घास उतरेना. आमच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी जिंकली की भोंग्यावर मालकाच्या बरोबरीने जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं नाव पुकारतात. बैल कोणाच्या हातात होता हे पटाला आलेल्या लहान पोराला पण ठाऊक असतं. आणि इथे ज्याच्या हाताने गाडी झाली त्याला धुरात बसवायचं?

पहिलं बक्षीस गेलं एका लाल जीपला. हरियाणातल्या मंडी डबवालीहून तयार घेतलेली. तिथे जुन्या जीपा नव्याने बांधून विकण्याचा मोठा धंदा आहे आणि तिथले कारागीर हाताचे पक्के आहेत, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण बक्षीस घेणाऱ्याला मी विचारलं, गिअरबॉक्स कोणता? "ते मिस्त्रीला माहीत." ॲक्सल कोणता? हसला. चाकामागे स्पेसरच्या जाड चकत्या लावून टायर मडगार्डच्या वीतभर बाहेर काढलेले. चाक इतकं बाहेर गेलं की हबच्या बेअरिंगवर जोर कसा पडतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. आणि ढाल उचलताना म्हणतो काय, "ही माझी मेहनत." कोणती रे मेहनत? चेक फाडायची?

या सगळ्याचा त्रास कोणाला होतो? मला होतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. मी आरसीवर आहे तेच इंजिन ठेवलं. रंग बदलला तो आरटीओत चकरा मारून आरसीवर चढवून घेतला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून थेट ५००० झाली होती, तेव्हाही मी फिटनेस करून घेऊन भरली. आणि येताना नाक्यावर कोणाला थांबवलं? मला. कारण पुढून दहा गाड्या सायलेन्सरचे फटाके फोडत गेल्या होत्या आणि हवालदाराच्या लेखी सगळ्या जीपा सारख्याच. पाऊण तास कागद दाखवत उभा होतो. चाचा थंडीत बाहेर.

पण खरा संताप झाला तो रविवारी दुपारी. मैदानाला लागून एका कास्तकाराचं हरभऱ्याचं वावर आहे. घाटे भरायला लागलेले. विजेची लाईन रात्रीची असल्याने त्या माणसाने रातभर जागून स्प्रिंकलरने ओलीत केलं होतं. एकाने रील काढायची म्हणून फोर बाय फोर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, थेट त्या ओल्या वावरात घातली. काळी माती ती! दोन चकरा मारल्या आणि गाडी डिफरन्शियलपर्यंत रुतली. मग काढायला दुसरी घातली, ती पण रुतली. स्प्रिंकलरचे दोन पाइप चेपले. शेवटी ट्रॅक्टर आणून ओढल्या, तर जिकडेतिकडे टाळ्या आणि शिट्ट्या. हरभऱ्यात ढोपरभर खोल चाकोऱ्या. त्यात पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यात उपटलेली झाडं, घाट्यांसकट.

तो माणूस धुऱ्यावर उभा होता, डोक्याला दुपट्टा बांधून. ओरडला नाही, शिवी दिली नाही. मला म्हणाला, "रातभर जागलो ना भाऊ म्या." चाचा त्या चिखलात उतरले आणि चेपलेला पाइप काढून लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून गोल करायला लागले. साठ गाड्यांच्या मेळाव्यात दोन दिवसांत हत्यार हातात घेतलेला तोच एक माणूस.

संयोजक म्हणाला, "बघू, ॲडजस्ट करू." आज सकाळी ग्रुपवर पुढच्या मेळाव्याची तारीख आली, सोबत नवीन टी-शर्टाचा फोटो. मी खाली लिहिलं, साठ गाड्यांचे नव्वद हजार जमले, त्यातून आधी त्या कास्तकाराचं नुकसान भरा. तासाभरात मला ग्रुपातून काढलं. काढा. रविवारी मी आणि चाचा पुन्हा त्या वावरावर जातोय, दोन पाइप घेऊन. तुमच्यातल्या कोणाला यायचं असेल तर या, पण गाडी रस्त्यावर लावा आणि पाकीट सोबत आणा.