ईईजी काढून गोळी निवडता येते का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमचं म्हणणं असं : नैराश्यावरच्या दोन गोळ्या बदलण्यात बहिणीचे महिने गेले, अमेरिकेत ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख काढून कोणती गोळी लागू पडेल ते सांगतात, आणि मी इंदुरात बसून ‘ईईजीवर पैसे घालवू नका’ लिहितो, कारण डॉक्टरांना पेशंटच्या चकरा हव्याच असतात. शेवटचा टोमणा सोडून देतो. बाकीच्याला उत्तर द्यायलाच हवं.

संशोधन खरं आहे. अमेरिकेतल्या चार केंद्रांवरच्या ‘एम्बार्क’ चाचणीत सुमारे ३०० जणांपैकी काहींना सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी दिली, काहींना औषध नसलेली गोळी. आधी ईईजी काढला होता. त्या आलेखांतून सर्ट्रालिन कोणाला लागू पडेल हे संगणकाने बऱ्यापैकी ओळखल्याचा शोधनिबंध २०२० साली आला. पण त्याच चाचणीतल्या आलेखांतली दुसरी एक खूण पाहा : मेंदूच्या पुढच्या एका भागातल्या थीटा लहरी. त्या जास्त असलेले लोक सर्ट्रालिनवर अधिक सुधारले, आणि औषध नसलेल्या गोळीवरही! म्हणजे माणूस सुधारेल एवढं कळलं. कोणत्या गोळीने, ते नाही. तुम्हाला तर नेमकं तेच हवंय.

२०१९ साली वेगवेगळ्या अभ्यासांतल्या अशा ८१ ईईजी-खुणांचा एकत्र हिशेब झाला. गोळी किंवा दुसरा उपचार लागू पडणाऱ्या १०० जणांतले ७२ ओळखता आले, न पडणाऱ्या १०० मधले ६८. सोयीसाठी निम्म्यांना लागू पडते असं धरा. मग दर १०० पेशंटांत १४ जणांना आपण ‘ही गोळी नको’ म्हणणार, आणि त्यांना तीच लागू पडली असती. शिवाय फसलेले प्रयोग छापून येत नाहीत, याची चिन्हंही त्या अभ्यासकांना दिसली.

आपल्याकडे आणखी एक भानगड. माझ्याकडे येणारे कितीतरी जण आधीच झोपेसाठी क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम घेत असतात. या गोळ्यांनी आलेखातल्या बीटा लहरी वाढतात. मग आपण वाचतो तो आजार की कालची गोळी? (फिट्सची शंका असेल तर ईईजी जरूर काढा, त्याला माझी ना नाही.)

महिने वाया जातात ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे, आणि त्यावर बिनपैशाचा उपाय आहे. दोन आठवड्यांत अजिबात फरक नसेल, तर त्याच गोळीने पुढे गुण येण्याची शक्यता बरीच कमी असते. बहिणीकडून गोळी सुरू करताना आणि दोन आठवड्यांनी ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्य किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची यादी भरून घ्या. दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवून ‘डोस वाढवायचा की गोळी बदलायची?’ हे सरळ विचारा. मनाने गोळी बंद करू नका. आणि मनात जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.