पाटलाचे पाय डावीकडे गेले

सुट्टीत भाच्याला बोलून बसलो, "तुझ्यासाठी गेम बनवतो." बोलायला काय जातंय. आरपीजी मेकर एमव्ही हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर सेलमध्ये घेऊन ठेवलेलं होतंच, 2015 चं आहे पण आपल्याला पुरून उरतं. आयती चित्रं, आवाज सगळं येतं त्यात, फक्त नायक सगळे तलवारवाले आणि रंगीत केसांचे. मला हवा होता धोतर-पागोट्यातला पाटील. ओळखीतल्या एका पोराने काढून दिला, झुबकेदार मिशांसकट. म्हटलं आता काय, फाइल कॅरेक्टर्सच्या फोल्डरमध्ये टाकली की झालं.

टाकली. गेम चालू केला. खालचा बाण दाबला तर पाटलाचं नुसतं डोकं चालतंय, तेही फोडी केल्यासारखं, थांबलं की एकच डोळा. डावीकडे दाबलं तर नुसते पाय. उजवीकडे परत डोकं, वर परत पाय. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, अँटीव्हायरसला उगाच शिव्या दिल्या, रात्रीचा दीड वाजला आणि मग कळलं की हे सॉफ्टवेअर एका शीटवर, म्हणजे चित्राच्या एका फाइलवर, आठ माणसं आहेत असं धरूनच चालतं, माणूस एकटा असेल तर फाइलच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह लावायचं असतं. नाही लावलं तर त्या एकाचेच आठ जणांत वाटे पडतात, वडिलोपार्जित जमिनीसारखे. डॉलर लावला. पाटील अख्खा उभा राहिला, मिशांसकट.

मग विहीर. ती चित्रांच्या एका जुन्या पॅकमधली, तिथे चौकट 32 पिक्सेलची आणि इथे 48 ची. त्यामुळे विहीर ठेवली की पॅकमधल्या शेजारच्या पिंपाची कड पण सोबत यायची. दीडपट मोठी केली तर बसली बरोबर, पण मोतीबिंदू झाल्यासारखी दिसते. असू दे, गावची विहीर आहे.

खरी मजा घंटेची. देवळातली घंटा मीच मोबाईलवर रेकॉर्ड केलेली, एमपी3. ती यादीत दिसेचना, कारण या सॉफ्टवेअरला ओजीजी प्रकारची फाइल लागते. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बदलून घेतली आणि टाकली बीजीएमच्या, म्हणजे पार्श्वसंगीताच्या, फोल्डरमध्ये. आता तिथे आवाजांचे चार फोल्डर असतात, बीजीएम, बीजीएस, एमई, एसई, घाईत कोण बघतंय. तर बीजीएममधलं संपलं की परत पहिल्यापासून वाजतं, बंद करेपर्यंत. पाटील देवळात गेला, घंटा सुरू झाली आणि मी नेमका दूध उतू गेलं म्हणून स्वयंपाकघरात. पाच मिनिटांनी शेजारच्या काकू दारात, "काय रे, आज सत्यनारायण का? सांगितलं नाहीस ते." एकदाच वाजायचा आवाज एसईमध्ये टाकतात हे त्या गेल्यावर वाचलं. काकूंना प्रसाद म्हणून लाडू दिला होता, तो वसूल झाला नाही.

शेवटी भाचा आला. पाटील धड, विहीर जागेवर, घंटा एकदाच टण्ण. पोरगा दोन मिनिटं खेळला, मग इकडेतिकडे बघत म्हणतो, "मामा, आई म्हणाली यात नुसत्या पायांचा माणूस आहे. तो कुठाय?"

कौतुकाने ताईला व्हिडिओ पाठवला होता ना मीच. बसलोय आता, डॉलर काढून पाटलाची दुसरी फाइल करतोय.