सोफा फक्त गिऱ्हाइकांसाठी

लग्नकार्यात कुणी "सध्या काय करतेस?" म्हणून विचारलं आणि मी सांगितलं की नगर रोडच्या एका मॉलमध्ये, स्विस घड्याळांच्या शोरूममध्ये आहे, की पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "स्टाफला डिस्काउंट असतो का गं?" आणि दुसरा जरा आवाज खाली आणून, "रोज एवढ्या महागाच्या वस्तू हाताळायच्या आणि आपल्याला एकही घेता येत नाही. वाईट नाही वाटत?"

नाही वाटत. बँकेतल्या कॅशिअरला नोटा मोजताना जे वाटत असेल तेच वाटतं. चार लाखांचं घड्याळ पहिल्या महिन्यातच 'स्टॉक' होऊन जातं. सकाळी तिजोरीतून काढायचं, पुसायचं, डिस्प्लेला लावायचं, रात्री नंबर टिकमार्क करून परत आत. एक जरी कमी भरलं तरी सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. ज्या वस्तूने तुम्हाला रात्री साडेदहाला थांबवून ठेवलंय तिच्याबद्दल हुरहुर कसली वाटणार? आम्हाला हुरहुर लागत नाही हो, आमची शेवटची मेट्रो चुकते.

ज्याचं वाईट वाटतं ते कुणी विचारत नाही, म्हणून हे लिहितेय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. बसा म्हणजे बसाच, कारण शेवटी विषय तोच आहे.

पण आधी कामाबद्दल. 'सेल्सगर्ल' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लिपस्टिक आणि 'हॅलो मॅम, हाऊ मे आय हेल्प यू' एवढंच येतं. हे घ्या एक उदाहरण. खराडीच्या आयटी कंपनीतला मुलगा, प्रमोशन झालं म्हणून ईएमआयवर आयुष्यातलं पहिलं ऑटोमॅटिक, म्हणजे बॅटरीशिवाय मनगटाच्या हालचालीवर चालणारं घड्याळ घेऊन गेला. आठवड्यात तणतणत परत. "मॅडम, तीन लाखांचं घड्याळ दिवसाला चार सेकंद पुढे पळतंय. माझ्या बाबांचं हजाराचं घड्याळ इतकं चुकत नाही!"

बाबांचं घड्याळ बरोबरच आहे. बॅटरीच्या घड्याळातला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आमच्याकडच्या बऱ्याचशा यांत्रिक घड्याळांचे ठोके तासाला २८,८००, म्हणजे सेकंदाला आठ. बत्तीस हजारांपुढे आठाचा काय निभाव लागणार? सीओएससी ही स्वित्झर्लंडमधली तपासणी संस्था ज्या यांत्रिक घड्याळाला क्रोनोमीटर म्हणून प्रमाणपत्र देते, त्यालासुद्धा दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट आहे. म्हणजे त्याचं घड्याळ गुणी आहे. पण हे नुसतं सांगून भागत नाही. त्याने पैसे मोजलेत, हप्ते अजून चालू आहेत, बरोबर बायको उभी आहे. 'फसलास' असंही वाटता कामा नये आणि 'तुला यातलं काही कळत नाही' असंही. मग मी त्याला पारदर्शक पाठीचं घड्याळ दाखवते, आतलं ठोके देणारं चाक, बॅलन्स व्हील, हलताना त्याच्या हातात देते. बॅटरी नाही, सर्किट नाही, एक स्प्रिंग आणि दातेरी चाकं. मिनिटभर तो काही बोलत नाही. मग स्वतःच बायकोला समजवायला लागतो. तिथे मी दोन पावलं मागे सरकते.

जर घड्याळ अचानक दिवसाला मिनिट-दोन मिनिटं पळायला लागलं, तर पहिला प्रश्न, "रात्री कशावर काढून ठेवता?" उत्तर बहुधा टॅबलेटच्या लोहचुंबकी कव्हरवर किंवा स्पीकरवर असं येतं. घड्याळ पळतं ते त्या चुंबकामुळे, आणि आत शिरलेलं चुंबकत्व उतरवायला काही मिनिटं पुरतात. गिऱ्हाईक मात्र तेवढ्यात 'ग्राहक न्यायालय' हा शब्द उच्चारून मोकळं झालेलं असतं.

आता गिऱ्हाइकांवर येते. साध्या चपला घालून आलेला शेतकरी, त्याला हाकलणारा सेल्समन, मग शेतकरी पिशवीतून नोटा काढतो, ही गोष्ट व्हॉट्सॲपवर अजून फिरते. पुण्यात ती कधीच शिळी झाली. वाघोली, मुळशी, चाकण पट्ट्यात जमिनींना सोन्याचे भाव आल्यापासून इथला कुठलाही शहाणा सेल्समन पायाकडे बघून माणूस ठरवत नाही, ठरवला तर त्याचंच टार्गेट बुडतं. मला विचाराल तर ती मंडळी सगळ्यात सुखाची. काय हवं ते माहीत असतं, मराठीत बोलतात, पाणी आणून दिलं तर आणणाऱ्याकडे बघून घेतात.

त्रास देणारी जात वेगळी. ज्यांना आपल्याकडे पैसे आहेत याची अजून पूर्ण खात्री पटलेली नाही, ते. ती खात्री त्यांना आमच्याकडून करून घ्यायची असते.

आणि पुणं असल्यामुळे आणखी एक गट आहेच. निवृत्त काका, टोपी, हातात जुनं एचएमटी. ते विकत काही घेणार नाहीत हे त्यांनाही माहीत असतं आणि मलाही. "स्विस मेड म्हणजे सगळं तिकडचंच कशावरून?" असा थेट सवाल. मी सांगते की काका, २०१७ पासूनचा नियम असा आहे की घड्याळाच्या उत्पादनखर्चातला किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला हवा. "म्हणजे चाळीस टक्क्यांचं काही सांगता येत नाही तर!" म्हणून काका विजयी मुद्रेने बाहेर. हिशेबात दुकानात येणारा एक वाढला, विकत घेणाऱ्यांचं प्रमाण पडलं, पण माझा दिवस बरा गेला.

परदेशातल्या ऑफिसला हे सगळं कळवणं ही वेगळी कला. पितृपंधरवड्यात फ्लोअरवर चिटपाखरू नसतं. दर वर्षी मेल येतो की सप्टेंबरात फुटफॉल, म्हणजे येणाऱ्यांची संख्या, का घसरला, उपाययोजना काय. पूर्वजांना पॉवरपॉइंटमध्ये बसवून दाखवा बरं! उलट २०२३ ला अधिक श्रावण आला, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये सासू-सासरे जावयाला वाण म्हणून घड्याळं घ्यायला आले. तेव्हाही मेल आला, या यशाची पुनरावृत्ती पुढच्या वर्षी कशी करणार? मी लिहिलं, पुढचा अधिक महिना २०२६ मध्ये आहे. त्यावर उत्तर आलं नाही.

पैशांच्या कागदपत्रांवरून होणारे तमाशे मात्र गमतीचे नाहीत. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो, हा नियम २०१६ पासून आहे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख आम्हाला घेता येत नाही, हे २०१७ पासून. आणि २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर एक टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच आम्ही गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा आयकर. तिन्ही गोष्टी मी केलेल्या नाहीत. पण "बिलं दोन करा ना", "अर्धं मिसेसच्या नावावर टाका", "एवढे पैसे मोजतोय आणि वर तुम्ही कागद मागणार?" हे सगळं मला ऐकावं लागतं. टीसीएस रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, हे मी इतक्यांदा सांगितलंय की सीए झाल्यासारखं वाटतं. नाही म्हणायचं, पण 'नाही' हा शब्द न वापरता. दिल्लीवरचा राग विमाननगरात निघतो आणि त्या वेळी चेहरा हसरा ठेवायचा, कारण समोरचा माणूस मिस्ट्री शॉपरही असू शकतो. कंपनी गिऱ्हाइकाच्या वेषात तपासनीस पाठवते. हसणं, अभिवादन, पाणी विचारलं का, सगळ्याचे गुण लागतात.

हे सगळं मी करते आणि मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू. वस्तू सुंदर आहेत, शिकायला मिळतं, वेळच्या वेळी पगार होतो. त्यामुळे 'बिच्चारी' हा सूर कुणी लावला की माझं डोकं फिरतं.

आता पायांबद्दल.

आमच्या शोरूममध्ये एक इटालियन सोफा, दोन आरामखुर्च्या आणि काउंटरसमोर गुबगुबीत स्टुलं आहेत. सगळी गिऱ्हाइकांसाठी. आम्ही उभ्या. शिफ्टभर उभ्या, दुपारी तीन वाजता दुकानात एकही माणूस नसताना उभ्या, काळ्या हिलमध्ये उभ्या. भिंतीला टेकायचं नाही, काउंटरवर कोपर ठेवायचं नाही, कॅमेरा बघत असतो. जेवायच्या सुट्टीत मागच्या दाराने बाहेर पडायचं. पुढून संगमरवर आणि सुगंध, मागे सर्व्हिस कॉरिडॉर: उघडं काँक्रीट, फूडकोर्टच्या तळणाचा वास, मालाची ट्रॉली ढकलणारी मुलं, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेल्या वेगवेगळ्या ब्रँडच्या पोरी, बूट काढून, पोटऱ्या चोळत. दहा-दहा हजारांच्या परफ्यूमवाल्या आणि पाच-पाच लाखांच्या घड्याळवाल्या, सगळ्या एका रांगेत. बाहेर जाताना पर्स उघडून दाखवायची. टॉयलेट मजल्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि फ्लोअर सोडायचा तर कुणीतरी जागेवर हवं. म्हणून पाणी कमी प्यायचं. हे लिहिताना मला लाज वाटत नाही, वाचताना तुम्हालाही वाटू देऊ नका. मॉलमध्ये काम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

का उभं राहायचं, असं विचारलं की उत्तर मिळतं, "ब्रँड इमेज. बसलेला स्टाफ कॅज्युअल दिसतो." म्हणे लक्झरीचा अनुभव असाच असतो.

हे उत्तर पुण्यात राहून मला पटत नाही. लक्ष्मी रोडवर मी आईबरोबर लहानपणापासून साड्या घ्यायला गेलेय. जुन्या दुकानांत पांढरीशुभ्र गादी असायची. विकणारे काका गादीवर मांडी घालून बसलेले, आपणही समोर बसायचं. पैठणी ते बसूनच उलगडायचे, पदर बसूनच दाखवायचे, एकावर एक घड्या मोडत ढीग लावायचे. सराफाकडेही तेच, तो बसलेला, आपण बसलेलो, मध्ये काटा. घरातली सगळ्यात महागाची खरेदी पिढ्यान्‌पिढ्या आपण बसलेल्या माणसाकडून केली. कुणाला वाटलं नाही की हा मनुष्य आपला अपमान करतोय. उलट तो बसलाय म्हणजे त्याला घाई नाही, नीट दाखवेल, असाच विश्वास वाटायचा. एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांवर आपण भरपूर विनोद केले. मला आता त्या माणसांचा हेवा वाटतो. जेवत होते, आडवे होत होते, आणि दुकानं काही बुडाली नाहीत.

म्हणजे महाग वस्तू आणि उभा नोकर यांचा संबंध वस्तूशी नाही. समोरच्याला आपण मोठे आहोत असं वाटावं म्हणून कुणीतरी उभं असावं लागतं, एवढंच. आणि गंमत म्हणजे ज्यांना हे वाटून घ्यायची गरज आहे ते आमचे चांगले गिऱ्हाईक नाहीतच. ते पॅनवरून भांडून निघून जातात.

हे दुखणं फक्त मॉलचं नाही. केरळमधल्या कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी हाच प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. शिवणकाम करणाऱ्या विजी नावाच्या बाईंनी तिथे संघटना उभी केली. सुरुवात स्वच्छतागृहापासून झाली, मग मागणी आली बसण्याची. २०१८ मध्ये केरळने दुकान कायद्यात बदल करून कामगारांना बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक केलं. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. आपल्याकडच्या २०१७ च्या कायद्याने दुकानं ३६५ दिवस उघडी ठेवायची मुभा दिली. तिचा फायदा सगळ्यांनी घेतला, मीही रविवारी रात्री नऊला भाजी आणते. पण तीनशे पासष्ट दिवस दुकान उघडं ठेवायचं तर त्यात उभं राहणारी माणसंही कुठेतरी टेकली पाहिजेत की नाही?

आम्ही काही क्रांती मागितलेली नाही. काउंटरच्या मागे दोन उंच स्टुलं. गिऱ्हाईक दारात दिसलं की उठायचं, फोन हातात घ्यायचा नाही. लेखी दिलं, बहुतेकींनी सह्या केल्या. दोघींनी नाही केल्या, त्यांच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे, माझी काही तक्रार नाही. वरून उत्तर आलं की ब्रँड गाइडलाइन तपासून कळवतो. दसरा-दिवाळीच्या गर्दीत कुणी काही तपासणार नाही, तेव्हा त्यानंतरच काय ते कळेल.

तोवर तुमच्यापैकी कुणी अशा दुकानात जाणार असाल तर एक करा. सोफ्यावर बसल्यावर समोरच्या मुलीला "तुम्हीही बसा ना" म्हणा. ती "इट्स ओके सर" म्हणेल. पुन्हा म्हणा. निदान आमच्याकडे तरी, गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा आग्रह केला तर बसायची परवानगी आहे.